सोललेली दोन संत्री

फेर्मीननं दुसरं संत्रं सोलायला घेतलं, तेव्हा पहिलं त्याच्या कोपराशीच पडून होतं. सोललेलं, आख्खं, एकही फोड न मोडलेलं. बाल्तासारनं आधी त्या नागड्या संत्र्याकडे बघितलं आणि मग पोराच्या बोटांकडे. बोटं नीट चालत होती. सालीची एकच लांब पट्टी उतरत होती, लहानपणापासून उतरायची तशीच. "आई, तुझी गाडी झाली का दुरुस्त?" फेर्मीननं विचारलं, आणि स्वयंपाकघरात वरवर काहीच बिघडलं नाही. किटली वाजत राहिली. खिडकीबाहेर उसाच्या पाचटाची काळी राख उतरत राहिली. जुलै होता, कारखाने चालू होते, तुकुमानमध्ये या दिवसांत धुणं वाळत घालणारी बाई एक तर नवखी असते नाहीतर वेडी. पण पोरानं हे मघाशी विचारलं होतं. दारातून आत येता येता, संघाच्या ट्रॅकसूटची चेन खाली ओढता ओढता विचारलं होतं, आणि नेलिदानं सांगितलंही होतं की झाली, क्लच बदलला, मेकॅनिकनं सोलून काढलं. आता ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "झाली ना रे. क्लच बदलला. मेकॅनिकनं सोलून काढलं मला." बाल्तासारनं हातातला चमचा घट्ट धरला. शब्द तेच होते म्हणून नव्हे. तो आवाज बाल्तासारचा होता. म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता.

हा आवाज नेलिदा चार-पाच वर्षांपासून वापरत होती. मेंदूच्या डॉक्टरनं तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन शिकवलं होतं, आणि दार अर्धवट उघडं राहिलं होतं: 'मघाशी विचारलंत' असं त्यांना कधी म्हणायचं नाही, बाई. दरवेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. नेलिदा हट्टी बाई, जे शिकली ते शिकली. पण ताजं उत्तर ताजं असतं आणि ताजं केलेलं उत्तर वेगळं असतं. काल भाजलेला पाव आज तव्यावर गरम करावा तसं. आपण काय विसरलो ते बाल्तासारला कळायचं नाही, पण आपण विसरलो हे त्या आवाजावरून नेमकं कळायचं. मग तो हाताशी असेल ती वस्तू घट्ट धरायचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बैलाची मान, साखर कारखान्यातला जुना फिटर, आणि चमचा धरून बसलेला.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"काय?"

"यानं दोनदा विचारलं."

"कुणी, मी?" फेर्मीन हसला. हसताना त्यानं डावा डोळा मिटला. खिडकीकडून उजेड येत होता, राखेनं मळलेला, पिवळट, डोळ्यांना काय त्रास देणार असा उजेड. "पपा, तू चहा घे. गार होतोय."

"गोर्दो, घे चहा," नेलिदा म्हणाली. गोर्दो म्हणजे जाड्या. लग्नाच्या आधीपासून ती त्याला हेच म्हणायची. ती येऊन बसली, तिनं पोराच्या कोपराशी पडलेलं संत्रं उचललं आणि खायला लागली. एकेक फोड, सावकाश, बिया तळहातावर काढत. तिला संत्रं आवडत नाही. पित्त होतं. बाल्तासार बघत राहिला: ही बाई पुरावा खातेय. मग पोरगं दुसरं संत्रंही तसंच सोडून उठलं, आईच्या केसांवर ओठ टेकवून, बापाच्या मानेवर थाप मारून, ढगाळ सकाळी काळा चष्मा चढवून संघाच्या हॉटेलवर परत गेलं. तेव्हा बाल्तासारनं ते दुसरं संत्रं कोटाच्या खिशात टाकलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. विसरू नये म्हणून लोक बोटाला दोरा बांधतात ना, तसं.

दुसऱ्या दिवशी रग्बीचा सामना होता. स्कॉटलंडशी. फेर्मीनचा देशासाठी पहिला, आणि आपल्याच गावात. आता हा कसला सामना हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. विश्वचषक चार वर्षांनी येतो आणि तो टीव्हीवर येतो, परक्या शहरांतून, परक्या वेळेला; तेव्हा युरोपातल्या क्लबांत खेळणारे बडे लोक खेळतात आणि गाव पडद्यापुढे बसून रडतं किंवा नाचतं. पण दोन विश्वचषकांच्या मध्ये, जुलैत, ऊसतोड भरात असताना, कुठलातरी परदेशी संघ विमानातून उतरतो आणि थेट आपल्या गावात येतो. या सामन्याला चषक नसतो. गुणतक्ता नसतो. जिंकलं म्हणून कुठल्या पुढच्या फेरीत जात नाही, हरलं म्हणून बाहेर पडत नाही. नुसता सामना. त्यासाठी लोक सकाळपासून रांगा लावतात, ऊसतोड्या कोयता टाकून येतो, वकील पोटाशी बाटली लपवून येतो, कारण या सामन्याला उद्या नाही. हरलेली संध्याकाळ पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाही. ती तशीच राहते, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि लोक ती नावानिशी काढतात: फ्रेंच आले होते तेव्हा. बडे लोक विश्रांती घेतात म्हणून याच सामन्यांत गावच्या पोरांची वर्णी लागते. पुढच्या वेळी बोलावतील याची खात्री नाही. बहुतेकांना बोलावतच नाहीत. एक सामना, देशाकडून खेळलेल्याला देतात ती एक टोपी, आणि मग उरलेला जन्म 'तो खेळला होता' म्हणून.

बाल्तासार खेळला होता. एक सामना, एक टोपी. फ्रेंच आले होते तेव्हा. टोपी दिवाणखान्यात काचेत आहे, निळी, चंदेरी गोंड्याची. क्लबातल्या डॉक्टर-वकिलांच्या पोरांत हा एकटा कारखान्याच्या चाळीतला. त्याला घेतलं कारण त्यांना वजन हवं होतं. आठजण एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून वाकतात, समोर आठजण वाकतात, आणि दोन्हीकडची डोकी एकमेकांत घुसतात. त्यात पुढच्या ओळीत कडेला जो असतो, ज्याला प्रॉप म्हणतात, त्याच्या मानेवर दोन्ही बाजूंचं सगळं वजन येतं. तिथं वकिलाचं पोरगं कशाला घालायचं? मान विकत मिळते. नंतर भाषणं होतातच, की हा खेळ माणूस घडवतो. भाषण करणाऱ्यांची डोकी बघा, एकालाही टाका नाही.

आणि त्या दिवसाचं बाल्तासारला काय आठवत होतं? कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा वास. कुणीतरी हातात ठेवलेली संत्र्याची चतकोर फोड, तिचा रस दातांच्या फटीत झोंबलेला. त्यानंतर सोमवार. कारखान्यात वाफेच्या झडपेचं चाक हातात, आणि मुकादम ओरडतोय, 'बंद कर की, झोपलास काय?' त्या फोडीच्या आणि त्या चाकाच्या मध्ये आख्खा सामना होता. तो त्याला दुसऱ्यांनी सांगितला. तुर्को मान्सूर, तेव्हा त्याच्या शेजारी वाकून ढकलणारा आणि आता क्लबाचा अध्यक्ष, यानं तर इतक्यांदा सांगितला की बाल्तासारही तो सांगायला शिकला. शेवटचा रेटा, समोरचा फ्रेंच भोपळ्यासारखा वर उचलला गेला, स्टेडियम कोसळायचं बाकी होतं. दारूच्या दुकानात तो हे तुर्कोच्या शब्दांत सांगायचा, तुर्कोसारखे हात हवेत उडवून. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तो माणूस त्या दिवशी स्वतःच्याच डोक्यात हजर नव्हता.

संघाचा डॉक्टर सोलानो वाईट माणूस नव्हता. डोक्याला लागलं की तो खेळाडूला शब्द म्हणायला लावायचा, आकडे उलटे म्हणायला लावायचा, आणि हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या तपासणीशी ताडून बघायचा. पण पोरं हुशार असतात. फेब्रुवारीत अंगणात मांस भाजत असताना फेर्मीननंच हसत हसत सांगितलं होतं: "पहिल्याच तपासणीत मुद्दाम ढ व्हायचं, पपा. सगळे होतात. अर्धे शब्द गाळायचे, आकडे चुकवायचे. मग पुढे कितीही डोकं आपटलं तरी कागदावर फरक दिसत नाही." सगळे हसले होते. बाल्तासार सगळ्यांत मोठ्यांदा हसला होता. ते हसणं त्याला आठवत होतं. नको ते बरोब्बर आठवायचं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या मोठ्या खोलीत जर्सी द्यायचा समारंभ होता. रिवाज असा, की पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या हातात जर्सी द्यायला त्याच्या घरातलं किंवा क्लबातलं कुणी जुनं माणूस बोलवायचं. आणि जर्सी हातात पडल्याशिवाय खेळाडू मैदानात उतरत नाही. कायदा नाही, रिवाज. पण कायदे मोडणारी ही माणसं रिवाज मोडत नाहीत. दुपारभर बाल्तासारच्या डोक्यात एवढंच होतं: जर्सी माझ्या हातात येणार आहे. ती मी दिली नाही तर? खिशात हात घालून तो संत्रं चाचपायचा. दोनदा विचारलं. दोनदा सोललं. डोळा मिटला. दोनदा विचारलं. प्रार्थनेसारखं तो हे घोकत राहिला. मध्येच नेलिदानं त्याच्या टायची गाठ सारखी केली, तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं. "तू पण ऐकलंस."

"काय ऐकलं?"

"तू त्याला माझ्या आवाजात उत्तर दिलंस."

नेलिदानं गाठ वर सरकवली, गळ्याला लागेल इतकी. तिचे डोळे कोरडे होते. "एक माणूस सांभाळते मी," ती म्हणाली. "दुसरा नाही जमायचा. दुसरा नाहीच आहे. कळलं?"

खोलीत खुर्च्यांचा अर्धगोल, मध्ये पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घडी घालून. तुर्को बोलला. रक्त म्हणाला, माती म्हणाला, तीस वर्षांनी एकाच घरात दुसरी टोपी म्हणाला, भोपळ्यासारखा उचललेला फ्रेंच म्हणाला. लोकांचे डोळे ओले झाले. मग फेर्मीन पुढे आला आणि बाल्तासारनं जर्सी उचलली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. पोरानं दोन्ही हातांनी धरली. बाल्तासारनं सोडली नाही.

आधी लोक हसले. "गोर्दो, तुझ्या मापाची नाहीये रे ती!" तुर्को ओरडला. टाळ्या पडल्या. फेर्मीननं हलकेच ओढली, बाल्तासारनं ओढून धरली, आणि दोघांच्या मध्ये ते कापड ताणलं गेलं.

"याच्या डोक्याला लागलंय," बाल्तासार म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला. "डॉक्टर, याच्या डोक्याला लागलंय. सकाळी त्यानं तेच दोनदा विचारलं. संत्रंसुद्धा दोनदा सोललं. हे बघा." एका हातात जर्सी तशीच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून संत्रं काढलं. दिवसभरात त्याला खिशातला कापूस आणि तंबाखूचा भुगा चिकटला होता. एका बाजूनं ते फुटलं होतं, आणि रस बोटांवरून मनगटाकडे उतरत होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना जराशा तिरक्या केल्या, आजाऱ्याच्या खोलीत शिरताना करतात तशा. सोलानो डॉक्टर पुढे आला आणि मायेनं, वडीलधाऱ्यांना लावतात तसं 'डॉन' लावून म्हणाला, "डॉन बाल्तासार, मंगळवारी सरावात याच्या डोक्याला कुणाचातरी गुडघा लागला, खरंय. मी लगेच तपासलं. फेब्रुवारीत होता तसाच आहे. अक्षराचाही फरक नाही."

"फेब्रुवारीत तो खोटा ढ झाला होता!"

"पपा," फेर्मीन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि फार हळुवार. "पपा, ते तू विचारलंस. गाडीचं. सकाळी तूच दोनदा विचारलंस."

खोलीतली हवा सैल झाली. एवढंच होय, असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उमटलं. आणि बाल्तासारच्या आत एक दार करकरत उघडलं: खरंच मी विचारलं असेल तर? कोण विचारत होतं, कोण सोलत होतं, कुणाचा डोळा मिटला? त्यानं नेलिदाकडे बघितलं. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती. पर्समध्ये रुमाल नव्हता, तिच्या हातात होता. तेवढ्यात फेर्मीननं बापाला मिठी मारली, जर्सी दोघांच्या छात्यांमध्ये चुरगळली, आणि त्यानं कानात सांगितलं, भराभर, गरम श्वासात: "एवढा एकच, पपा. हा एकच खेळू दे. मग मीच सांगतो सगळं." म्हणजे पोराला ठाऊक होतं. आपल्या डोक्यात काय झालंय ते ठाऊक होतं आणि बापाच्या डोक्यात काय आहे तेही, आणि त्यानं आपला आजार बापाच्या खात्यावर ढकलला होता, सफाईनं, उत्तम प्रॉप समोरच्याचं वजन दुसऱ्यावर ढकलतो तसा. बाल्तासारला राग यायला हवा होता. पण त्याला फक्त पोराचं काळीज जाणवत होतं, छातीवर, सशासारखं. एवढा एकच. तीस वर्षांपूर्वी कुणी त्याची जर्सी धरून ठेवली असती, तर त्यानं त्या माणसाची बोटं मोडली असती.

त्याची बोटं सुटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तुर्कोनं त्याच्या हातातलं संत्रं काढून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नेलिदा जवळ आली आणि त्या आवाजात म्हणाली, "चल गोर्दो, घरी जाऊ. छान झाला समारंभ."

शनिवारी दुपारी स्टेडियमच्या पायऱ्यांवर तो बसला होता, नेलिदा शेजारी, गुडघ्यांवर एकच घोंगडी. राख इथेही पडत होती, गवतावर, पोरींच्या केसांवर, स्कॉटलंडच्या गडद निळ्या खांद्यांवर. एम्पनाड्यांच्या, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांच्या, तुपाचा वास, चेंगराचेंगरी, मागच्या ओळीत कुणीतरी पंचाच्या आईची चौकशी करत होतं, सामना सुरू व्हायच्या आधीच. बाल्तासारला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं. खिशात हात घातला, खिसा चिकट होता आणि रिकामा. मैदानाच्या कडेला औषधांची पेटी घेतलेला एक माणूस उभा होता. त्याला बघितलं आणि डोक्यात काडी ओढल्यासारखं झालं. तो! त्याला सांगायचंय! बाल्तासार ताडकन उभा राहिला. आणि त्याच क्षणी आख्खं स्टेडियम उभं राहिलं, कारण राष्ट्रगीत लागलं होतं. हजारो गळे एकदम फुटले. तो गर्दीत उभा होता, सगळ्यांसारखाच उभा, आणि आपण कशासाठी उठलो होतो ते आता त्या आवाजात कुठे शोधणार? खाली रांगेत फेर्मीन छाती फोडून गात होता, गाल ओले. बाल्तासारच्या मानेवरचे केस उभे राहिले. तोंड आपोआप उघडलं. तोही गायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. हीच तर चटक आहे या सामन्याची, दुसरं काय. माणूस स्वतःचं सगळं विसरायला तिथे जातो.

सामना चिखलाचा झाला, कुरूप, हाडांचा. शेवटाला यजमान चार गुणांनी मागे होते आणि स्कॉटलंडच्या रेषेजवळ रेटा लागला. आठ विरुद्ध आठ, वाफाळणाऱ्या पाठी. पहिल्यांदा कोसळले. फेर्मीन उठला तो दुसऱ्याच दिशेला तोंड करून. एका स्कॉटिश गड्यानं त्याला खांद्याला धरून वळवलं, आपल्या माणसाला वळवावं तसं. लोकांना ती खिलाडूवृत्ती वाटली. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा वाकले, आणि यावेळी समोरची भिंत हलली, हात-दोन हात, मग एकदम, आणि निळ्या-पांढऱ्या पाठी रेषेपलीकडे ओतल्या गेल्या, चेंडू टेकला, पाच गुण. गाव वेडं झालं. अनोळखी माणसं बाल्तासारला कवटाळत होती. "तुमचा पोरगा! तुमचा पोरगा!" नेलिदा एकटीच बसून होती, घोंगडी तोंडाशी धरून, त्या ढिगाऱ्यातून कोण उठतंय आणि कोण नाही ते बघत. तो उठला. सगळ्यांच्या शेवटी, पण उठला.

सामन्यानंतर दोन्ही संघांनी एका टेबलावर जेवायचं, हाही रिवाज. क्लबाच्या दालनात लांब टेबलं, परातीत एम्पनाडे, लिंबाच्या फोडी, वाइन, आणि मधोमध फळांच्या टोपल्या. तुर्को स्कॉटिश कप्तानाला भोपळ्यासारख्या फ्रेंचाची गोष्ट सांगत होता, हातांनी. फेर्मीनला टोपी मिळाली होती, ती त्याच्या डोक्यावर तिरकी बसली होती, चंदेरी गोंडा कानावर. समोरचा लालकेस्या त्याच्या पेल्याला पेला भिडवून गेला. फेर्मीन हसला, एक डोळा मिटून. मग येऊन बापाशेजारी बसला. सोलानो डॉक्टर दोन खुर्च्या सोडून मांस कापत होता. फेर्मीननं टोपलीतून संत्रं घेतलं आणि सोललं, सालीची एकच लांब पट्टी. ते ताटाशेजारी ठेवलं. थोडा वेळ समोर बघत राहिला. मग दुसरं घेतलं.

"पपा," तो म्हणाला, "उद्या कुणाशी आहे रे?"

टेबलावर कुणाचं लक्ष नव्हतं. नेलिदाचं होतं. तिच्या हातातला काटा थांबला आणि तिनं मान वर केली नाही. बाल्तासारनं सालीची पट्टी हातात घेतली आणि घट्ट धरली. मघाशी, झाला, जिंकलास, असे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. ते त्यानं गिळले. जेव्हा बोलला, तेव्हा आवाज मऊ निघाला, तव्यावर गरम केलेला.

"स्कॉटलंडशी, बाळा," तो म्हणाला. "उद्या स्कॉटलंडशी."

"बरं," फेर्मीन म्हणाला. "चांगले आहेत का?"

"चांगले आहेत. पण आपण रेटू." मग तो उठला आणि डॉक्टरकडे निघाला. दोन खुर्च्यांचं अंतर. डॉक्टरनं तोंडातला घास गिळला, मान जराशी तिरकी केली आणि मायेनं हसून त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढली. "बसा, डॉन बाल्तासार," तो म्हणाला. "काल सांगितलंत तेच ना? सांगा, सांगा. मी ऐकतोय."